'व्हिसल' : चादरीचं भूत पडद्यावर आणायचं कसं?

सांजवारा

इंग्रजी लेखक एम. आर. जेम्स यांची 'ओह, व्हिसल, अँड आय'ल कम टू यू, माय लॅड' ही कथा १९०४ साली त्यांच्या पहिल्या भूतकथासंग्रहात आली. बीबीसीने ती दोनदा टीव्हीवर आणली, १९६८ साली जोनाथन मिलरने आणि २०१० साली अँडी डी एमनीने. दोन्ही पुन्हा लागोपाठ पाहिल्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. कागदावरची भूतकथा पडद्यावर नेताना काय हातातून निसटतं आणि त्या जागी काय उभं करावं लागतं, हे या कथेत फार स्वच्छ दिसतं.

(पुढे शेवटासकट सगळं सांगितलं आहे. कथा आधी वाचायची असेल तर इथेच थांबा. जेम्स १९३६ साली वारले, त्यांच्या कथा जालावर सहज आणि मोफत मिळतात.)

कथा अशी. पार्किन्स हा तरुण, नीटनेटका, बोलण्यात अतिशय काटेकोर असा प्राध्यापक. भुताखेतांवर विश्वास ठेवणं म्हणजे आपल्या विद्वत्तेचा अपमान, असं मानणारा. गोल्फ सुधारावा म्हणून तो इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बर्नस्टो गावी जातो. हॉटेलात त्याला मिळालेल्या खोलीत दोन पलंग आहेत. एका सहकाऱ्याने सांगितलं म्हणून तो टेंप्लर नाइटांच्या, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, वास्तूचे अवशेष बघायला जातो आणि तिथे मातीत त्याला धातूची एक जुनी शिट्टी सापडते. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलेलं असतं, 'हा कोण, जो येतो आहे?' रात्री खोलीत तो ती वाजवतो आणि बाहेर एकाएकी वारा सुटतो. पुढे कळतं की न वापरलेल्या दुसऱ्या पलंगाची चादरही विस्कटलेली आहे. शेवटी एका रात्री त्या रिकाम्या पलंगावर चादर उठून बसते.

एवढंच. खून नाही, सूड नाही, कुणाचा अतृप्त आत्मा नाही. भूत कोणाचं हे जेम्स शेवटपर्यंत सांगत नाहीत. त्याला स्वतःचं शरीरही नाही, हाताशी आलेली चादर तेवढी त्याने अंगावर घेतली आहे.

आता टीव्हीची अडचण. ही कथा आपल्याला एक मिश्कील, सुसंस्कृत निवेदक सांगतो. तो पार्किन्सकडे थोडं वरून बघतो, त्याच्या ताठरपणाची गंमत करतो. जेम्स केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास मित्रांना जमवून मेणबत्तीच्या उजेडात आपल्या कथा वाचून दाखवत, त्या बैठकीचा सूर या वाक्यांत आहे. आपण निवेदकाच्या शेजारी सुरक्षित बसलेलो असतो. चादर उठते तेव्हा तीच मिश्कील भाषा एकदम गंभीर होते आणि आपल्या पायाखालची जमीन जाते. टीव्हीवर हा निवेदक नाही. म्हणजे प्रेक्षकाला बसायला जागाच नाही! भूत किती दाखवावं यावर लोक नेहमी वाद घालतात. मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो हा, की पाहणाऱ्याला कोणाच्या शेजारी बसवायचं?

मिलरने याचं जे उत्तर शोधलं ते मला आजही थक्क करतं. तो स्वतः वैद्यकीचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. सुरुवातीला त्याच्याच आवाजात छोटं निवेदन येतं, की ही कथा बौद्धिक अहंकाराच्या धोक्याकडे बोट दाखवते. मग निवेदन थांबतं आणि आपण पूर्णपणे नायकाचं काम करणाऱ्या मायकल हॉर्डर्नच्या ताब्यात जातो. तरुण पार्किन्सचा इथे उतारवयाचा पार्किन झाला आहे. हा माणूस सतत पुटपुटतो, गुणगुणतो, घास चावताना अर्धी वाक्यं गिळतो, स्वतःच्याच विनोदावर स्वतःशी हसतो. आयुष्यभर एकट्याने जगलेल्या, फक्त पुस्तकांशी बोललेल्या माणसाचं हे बोलणं आहे. निवेदक गेला, पण त्याच्या जागी या माणसाचा गळा आला. आपण त्याच्या इतके जवळ बसतो की त्याचा श्वास ऐकू येतो.

न्याहारीचा प्रसंग बघा. हॉटेलात उतरलेला एक कर्नल त्याला विचारतो, तुमचा भुतांवर विश्वास आहे का? आणि हॅम्लेटचं वाक्य ऐकवतो, की स्वर्गात आणि पृथ्वीवर असं बरंच काही आहे जे तुमच्या तत्त्वज्ञानाने स्वप्नातही पाहिलेलं नाही. पार्किन ते वाक्य उलटं करून परत देतो, की स्वर्गाने आणि पृथ्वीने स्वप्नातही पाहिलं नसेल असं बरंच काही तत्त्वज्ञानात आहे. या कोटीवर तो इतका खूश होतो! हे जेम्सच्या कथेत नाही, मिलरने घातलेलं आहे, पण जेम्सच्या निवेदकाची सगळी थट्टा या एका प्रसंगात आली. शेवटच्या रात्री याच माणसाजवळ शब्द उरत नाहीत. अंगठा तोंडात घालून तो लहान मुलासारखे आवाज काढतो. चादरीपेक्षा मला ते आवाज जास्त भिववतात.

आणखी एक. जेम्सच्या कथेत कर्नल शिट्टी समुद्रात फेकून देतो, चादर जाळली जाते, पार्किन्स वाचतो. मात्र त्यानंतर दारामागे टांगलेला झगा किंवा हिवाळ्यातल्या शेतातलं बुजगावणंसुद्धा त्याला सहन होत नाही. मिलर हे शेपूट कापतो आणि आपल्याला त्या खोलीतच सोडून जातो. मला हे धाडस योग्य वाटतं, कारण हॉर्डर्नचा तो चेहरा पाहिल्यावर बुजगावण्याबद्दल वेगळं सांगण्याची गरजच राहत नाही.

२०१० च्या रूपात जॉन हर्ट आहे. नील क्रॉसच्या पटकथेत पार्किनची पत्नी स्मृतिभ्रंशाने सगळं विसरलेली आहे. तिला शुश्रूषागृहात ठेवून तो त्या दोघांच्या जुन्या आवडत्या किनाऱ्यावर येतो. त्याला शिट्टीऐवजी अंगठी सापडते. चादरीचं भूत नाही, शेवटी येते ती पत्नीच. हर्टचा अभिनय अव्वल आहे, पण माझं समाधान झालं नाही. शिट्टी वाजवणं म्हणजे बोलावणं. जेम्सचा प्राध्यापक कुतूहलापोटी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या श्वासाने कुणाला तरी बोलावतो, आणि ज्याला बोलावलं त्याच्याशी त्याचं काहीही देणंघेणं नसतं. अंगठीमुळे ते बोलावणं गेलं. भूत ओळखीचं झालं, आणि ओळखीच्या माणसाची भीती ही वेगळी भीती.

तुम्हाला काय वाटतं? इतर इंग्रजी भूतकथांच्या टीव्ही रूपांवरही लिहा.

भिंगरी

१९६८ चं पाहिलंय. नुसती चादर आहे हे दिसत असूनही दिवा लावून झोपले. स्वप्नातला किनारा, मागे लागलेलं ते फडकं! वाचतेय, येऊ द्या.

बूमवाला

मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, त्यामुळे मी हे कानाने पाहिलं असं म्हणेन.

सांजवारा, तुम्ही गळ्याबद्दल लिहिलंत ते अगदी बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजू सांगतो. हॉर्डर्न इतकं हळू आणि तोंडातल्या तोंडात बोलतो की प्रेक्षक नकळत पुढे सरकतो, कान देतो. एकदा माणूस कान देऊन बसला की त्याला बारीक आवाजही मोठा वाटतो. सुरी बशीवर घासली, पलंगाची स्प्रिंग कुरकुरली, वाळूवर पाऊल पडलं, सगळं अंगावर येतं. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. म्हणजे भीती कुठे वाटायला हवी हे कुणी आपल्याला सांगत नाही, आपणच शोधत राहतो.

स्वप्नाच्या प्रसंगात चित्र संथ केलंय आणि आवाजही ताणल्यासारखा, खोल गेलेला. समुद्राचा आवाज समुद्रासारखा राहत नाही. चादर उठते तेव्हाही तसंच. कापड कसं वाजतं हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं आणि हे कापड तसं वाजत नाही. भूत जर कापडाचं असेल तर ते डोळ्यांना पटवणं अवघड, कानाला पटवणं त्या मानाने सोपं, आणि मिलरने सोपी वाट धरली नाही तर योग्य वाट धरली जी योगायोगाने सोपीही होती.

आपल्या मालिकांत मिक्सिंगला बसलो की सूचना येते, 'इथे रिकामं वाटतंय, काहीतरी भरा.' सलग वाजणाऱ्या संगीतात शिट्टीचा एक सूर टाकला तर तो कुणाला ऐकू येणार? भूतकथेला रिकामी जागा लागते, ती ठेवायची हिंमत निर्मात्याला दाखवावी लागते.

अनुराधा_पी

सांजवारा, लेख मनापासून आवडला. पण २०१० च्या बाजूने मला बोलायचंच आहे.

माझ्या सासूबाईंचा स्मृतिभ्रंश मी घरात पाहिला आहे. शेवटी शेवटी भेटायला येणारे लोक त्यांच्यासमोरच म्हणायचे, 'आता त्या राहिल्या नाहीत हो, नुसतं शरीर आहे.' हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा. जॉन हर्टचा पार्किन हेच मानतो. शास्त्रज्ञ माणूस, त्याच्या मते भूत वगैरे काही नसतं, आणि त्याच्या बायकोच्या शरीरातही आता कुणी नाही. आत कुणीच नसलेलं शरीर त्याला कुठल्याही भुताहून भयंकर वाटतं. मग रात्री दाराखालून, पलंगाच्या पायथ्याशी जी येते ती काय म्हणते? मी अजून इथेच आहे.

तुम्ही म्हणता बोलावणं नाही. मला वाटतं, आहे. ज्या किनाऱ्यावर ते दोघं आनंदात होते तिथे तो एकटा परत जातो, हेच बोलावणं. आणि जेम्सच्या कथेतला मूळ गुन्हा कोणता? पुराव्यावाचून 'असं काही नसतंच' असं छातीठोकपणे म्हणणं. तो गुन्हा इथे जसाच्या तसा आहे. १९०४ च्या प्राध्यापकाने भुतांबद्दल जे म्हटलं ते २०१० च्या प्राध्यापकाने स्वतःच्या बायकोबद्दल म्हटलं. एवढा बदल मला फार धीट वाटतो.

शेवटी शुश्रूषागृहातली तिची खुर्ची रिकामी दिसते. ते दृश्य पाहून मी भ्यायले नाही, रडले.

सांजवारा

अनुराधाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. 'असं काही नसतंच' या ठामपणाची शिक्षा दोन्हीकडे आहे, हे तुम्ही दाखवलंत आणि ते मला पूर्ण पटतं.

तरीही एक गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. जेम्सच्या भुतात दया नाही, तक्रार नाही, प्रेम तर नाहीच. भूतकथा कशी असावी याबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, की भूत दुष्ट असावं, परीकथांतली प्रेमळ, मदत करणारी भुतं इथे कामाची नाहीत. तुम्ही वर्णन केलेली गोष्ट ही दुःखाची थोर गोष्ट आहे. तिला स्वतःचं नाव द्यायला हवं होतं, जेम्सचं नव्हे. जेम्सच्या नावाने बसलेला प्रेक्षक त्या अनोळखी, आंधळेपणाने चाचपडत येणाऱ्या वस्तूची वाट बघत असतो. तिच्याशी बोलता येत नाही, तिची क्षमा मागता येत नाही. ही भीती फार कमी लोकांनी लिहिली आहे, म्हणून ती जपावी असं मला वाटतं.

अनुराधा_पी

नावाचं म्हणणं मान्य. भीतीचं नाही. क्षमा मागायला उशीर झालाय, ही भीती माझ्या लेखी चादरीपेक्षा मोठी. इथे आपलं जमणार नाही, आणि तरी तुमचा धागा मी मैत्रिणींना पाठवलाय.

नॉरिचकर

मी नॉरफोकमध्ये राहतो, त्यामुळे या किनाऱ्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

बर्नस्टो म्हणजे सफोकमधलं फेलिक्सस्टो, असं मानतात. मिलरने मात्र चित्रण सफोकमधल्या डनिच आणि नॉरफोकमधल्या वॅक्सहॅम इथे केलं. डनिच हे मध्ययुगात भरभराटीचं बंदर होतं. वादळांनी आणि लाटांनी ते गिळलं. तिथलं ऑल सेंट्स हे चर्च १९०४ च्या सुमारास कड्याच्या टोकाला आलं आणि कोसळत कोसळत पुढच्या काही वर्षांत त्याचा मनोराही समुद्रात गेला. म्हणजे जेम्सचा संग्रह छापला जात होता त्याच वेळी इथे एक अख्खं चर्च कडा सोडत होतं! दफनभूमीही कड्याबरोबर ढासळत गेली, कड्यातून माणसांची हाडं बाहेर येत. पार्किन कड्याच्या टोकाशी असलेल्या थडग्यातून ती शिट्टी काढतो ते दृश्य इथल्या माणसाला कल्पित वाटत नाही. या किनाऱ्यावर जमीनच पुरलेल्या वस्तू परत वर देते.

कथेत किनाऱ्यावरच्या लाकडी आडव्या भिंती आहेत ना, लाटांना अडवायला समुद्रात काटकोनात घातलेल्या? स्वप्नातला माणूस एकेक भिंत धापा टाकत ओलांडतो आणि शेवटच्या भिंतीपाशी त्याच्यातलं बळ संपतं. त्या इथे आजही ठिकठिकाणी आहेत. दर थोड्या अंतरावर ओल्या, शेवाळलेल्या लाकडावर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. पळणाऱ्या माणसासाठी याहून वाईट जागा नाही.

आणि जेम्सच्याच 'अ वॉर्निंग टू द क्युरियस'चं नाव कुणीच कसं काढलं नाही? लॉरेन्स गॉर्डन क्लार्कने १९७१ पासून बीबीसीसाठी दर नाताळला एक भूतकथा केली, त्यातली ही १९७२ ची. क्लार्क माहितीपटांतून आलेला, छायाचित्रकार जॉन मॅकग्लॅशन. स्टुडिओत सेट न लावता फिल्मचा कॅमेरा घेऊन ते थेट किनाऱ्यावर गेले. जेम्सचं सीबर्ग म्हणजे ऑल्डबर्ग, पण चित्रण नॉरफोकमध्ये, होल्कमच्या पाइनच्या रानात आणि वेल्स-नेक्स्ट-द-सी या गावाच्या बाजूला. परकीयांच्या स्वारीपासून किनारा राखण्यासाठी पुरलेला प्राचीन सॅक्सन मुकुट उकरणारा पॅक्स्टन, आणि मेल्यावरही त्या मुकुटाची राखण सोडत नसलेला विल्यम एजर. टीव्हीवर एजर जवळपास सतत दूर असतो, सपाट वाळूच्या दुसऱ्या टोकाला एक काळी उभी रेघ. त्याला जवळ आणायची घाई क्लार्कने केली नाही. सांजवारा यांचा जो प्रश्न आहे, प्रेक्षकाला कुठे बसवायचं, त्याचं क्लार्कचं उत्तर सरळ आहे. त्याने प्रेक्षकाला त्या मोकळ्या किनाऱ्यावर उभं केलं, जिथे लपायला आडोसाच नाही.

क्लार्कने आणखी एक बदल केला. पीटर व्हॉनचा पॅक्स्टन नोकरी गेलेला कारकून आहे, मंदीच्या काळातला, आणि त्या मुकुटातून त्याला आयुष्यात एकदाच काहीतरी मोठं मिळवायचं आहे. जेम्सच्या कथेत ही गरिबी नाही. या बदलाने मूळ कथा बिघडली नाही, उलट जास्त लागली, असं माझं ठाम मत आहे.

लाईनक्लिअर

मी निवृत्त स्टेशन मास्तर. मुलाने हा धागा दाखवला. क्लार्क यांचं नाव निघालंच आहे, तर त्यांच्या 'द सिग्नलमन'बद्दल लिहितो. डिकन्सची ही कथा १८६६ सालच्या त्यांच्या नियतकालिकाच्या नाताळ अंकातली, टीव्हीवर आली १९७६ च्या डिसेंबरात. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची, सिग्नलमन झाले डेनहोम एलियट.

कथा सगळ्यांना ठाऊक असेल. खोल कटिंगमधली (रुळांसाठी जमीन खोदून काढलेल्या वाटेतली) केबिन, जवळ बोगद्याचं काळं तोंड, तिथे लाल दिवा. सिग्नलमनला त्या दिव्यापाशी एक आकृती दिसते, एक हात डोळ्यांवर आणि दुसरा हात जिवाच्या आकांताने हलवणारी. ती दिसली की काहीतरी घडतं. आधी अपघात, मग गाडीत एका तरुणीचा मृत्यू, आणि आता ती तिसऱ्यांदा दिसू लागली आहे.

हे डिकन्सना सुचलं कसं याबद्दल दोन अपघात सांगतात. ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्ट इथे पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढलेले असताना गाडी आली, दहा माणसं गेली. त्या गाडीत डिकन्स स्वतः होते, जखमींना त्यांनी पाणी पाजलं. दुसरा २५ ऑगस्ट १८६१ चा, ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यातला. हा आम्हा रेल्वेवाल्यांनी विसरू नये असा आहे. ब्रायटनहून तीन गाड्या थोड्या थोड्या अंतराने सुटल्या. पहिली गेल्यावर सिग्नल आपोआप धोक्यावर परत यायला हवा होता, तो आला नाही. दुसरी गाडी आत शिरताना सिग्नलमनने लाल बावटा दाखवला, पण ड्रायव्हरने तो पाहिला की नाही हे त्याला कळेना. त्याने पलीकडच्या टोकाला तारेने विचारलं, बोगदा मोकळा आहे का? उत्तर आलं, मोकळा. ते उत्तर पहिल्या गाडीबद्दल होतं. दुसरीच्या ड्रायव्हरने बावटा पाहिला होता, तो आत थांबून गाडी मागे घेत होता, आणि तिसरीला आत सोडलं गेलं. २३ माणसं दगावली. तो सिग्नलमन २४ तासांच्या पाळीवर होता.

आपल्याकडे आजही ॲब्सोल्यूट ब्लॉकवर गाड्या चालतात, त्यामागे असलेच अपघात आहेत. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी. मी ज्या ब्लॉक इन्स्ट्रुमेंटवर काम केलं तिथे घंटीचे ठोके ठरलेले. दोन म्हणजे लाईन क्लिअर आहे का, तीन म्हणजे गाडी सेक्शनमध्ये शिरली, चार म्हणजे बाहेर आली. सहा ठोके म्हणजे धोका, अडथळा. ते सहा ठोके पडले की पलीकडचा मास्तर फोनवर लगेच विचारतो, काय झालं, कुठे झालं?

डिकन्सचा सिग्नलमन नेमका याच जागी अडकला आहे. तो म्हणतो, मी धोक्याची तार केली तर ते विचारतील, कसला धोका, कुठे? मी म्हणणार, ठाऊक नाही, पण देवासाठी सांभाळा! ते मला कामावरून काढतील. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. भुतामुळे नाही. ज्याच्या हातात शेकडो जीव आहेत त्याला धोका आहे हे कळतं, पण काय करायचं ते कळत नाही, यामुळे. रात्रपाळीला धुक्यात बसलेल्या कुठल्याही माणसाला हे समजेल.

एलियट यांच्या कामाबद्दल. कथेत लिहिलं आहे की बोलता बोलता तो दोनदा थांबतो, चेहरा उतरतो, आणि वाजत नसलेल्या घंटीकडे बघतो. एलियट हे ज्या तऱ्हेने करतात त्याला माझा नमस्कार. समोरच्याशी बोलणं चालू असतं पण अर्धा जीव घंटीत असतो. माझी पत्नी म्हणायची, तुम्ही घरी जेवतानासुद्धा असेच बसता. तारेचे कागद, दिवे, वही यांना त्यांनी सवयीच्या हाताने हाताळलं आहे. चित्रण सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर झालं, खरं वाफेचं इंजिन, खरी कटिंग. भूत खोटं असेल तर बाकी सगळं खरं हवं, हे त्यांनी पाळलं.

बूमवाला

काका, प्रतिसादाला सलाम. एक विचारायचं होतं. भूत घंटी वाजवतं तेव्हा ती नेहमीसारखी वाजत नाही, नुसती थरथरते, असं कथेत आहे. टीव्हीवरही तो आवाज वेगळा केलाय. प्रत्यक्षात दोन स्टेशनांच्या घंट्यांचा आवाज ओळखता येतो का?

लाईनक्लिअर

येतो. दोन बाजूंच्या दोन घंट्यांचा नाद मुद्दाम वेगळा ठेवलेला असायचा, म्हणजे कोणत्या बाजूने बोलावणं आलं ते मान वर न करता कळावं. काही वर्षांनी ठोके देणारा माणूसही ओळखू येतो, कुणी घाईने देतो, कुणी सावकाश. म्हणून 'ही घंटी माणसाने वाजवलेली नाही' असं तो सिग्नलमन सांगतो ते मी खरं मानतो.

भिंगरी

काका, तुम्ही वेगळा धागा काढाच, फक्त रेल्वेवर!

तिठा

मराठीत हे का होत नाही, हा प्रश्न इथे येणारच, म्हणून मीच विचारतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर 'गहिरे पाणी' आलं होतं. मतकरी स्वतः नाटककार असल्याने कुठे काय दाखवायचं याची त्यांना जाण होती. त्यानंतर भूत म्हटलं की रोजची मालिका, शेकडो भाग. भूतकथा इतकी लांबवली की भुताची सवय होते.

बीबीसीचा साचा वर्षातून एकदा, अर्धा तास ते पन्नास मिनिटं, एक कथा, एवढाच होता. १९७८ पर्यंत तो चालला. अलीकडे मार्क गॅटिसने पुन्हा हाती घेतला, २०१३ ची 'द ट्रॅक्टेट मिडॉथ', २०२१ ची 'द मेझोटिंट', २०२२ ची 'काउंट मॅग्नस' या जेम्सच्याच. तिकडे नाताळ आहे. आपल्याकडे दिव्यांची अमावास्या आहे, पावसाळी रात्र, बाहेर किर्र अंधार. वर्षातून त्या एका रात्री एक मराठी कथा, तास-पाऊण तास. याला लागणारा पैसा एखाद्या मालिकेच्या आठवड्याच्या खर्चापेक्षा फार वेगळा नसावा.

अनुराधा_पी

तिठा, कल्पना फार आवडली. फक्त ती रात्र जाहिरातींशिवाय मिळायला हवी. 'द वुमन इन ब्लॅक'चं १९८९ चं टीव्ही रूप आठवा, नायजेल नीलची पटकथा, २४ डिसेंबरला दाखवलेलं. त्यात ती काळ्या वेषातली बाई बहुतेक वेळ फक्त उभी असते, भर दिवसा, दफनभूमीत, दलदलीत. आणि मग आजारी नायकाच्या पलंगावर ती जे करते ते ज्यांनी पाहिलंय ते विसरलेले नाहीत. तो क्षण इतका वेळ थोपवून धरलाय म्हणूनच लागतो. ऐन त्या क्षणी साबणाची जाहिरात आली असती तर सगळं वाहून गेलं असतं.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. नॉरिचकर आणि लाईनक्लिअर काका, तुम्ही दोघांनी लिहिलेलं वाचून मी 'वॉर्निंग' आणि 'सिग्नलमन' पुन्हा पाहिले. प्रेक्षकाला कुठे बसवायचं याची दोन वेगळी उत्तरं तिथे आहेत. 'सिग्नलमन'मध्ये तर डिकन्सने ती जागा आधीच तयार ठेवली होती. तिथे एक पाहुणा केबिनमध्ये येतो, शेकोटीजवळ बसतो आणि ऐकतो. डेव्हिसने शहाणपणाने ती खुर्ची जागेवरून हलवली नाही, आपल्याला तिच्यावर बसवलं. म्हणून त्या कथेत बदल थोडे लागले आणि 'व्हिसल'मध्ये नायकाचं वयसुद्धा बदलावं लागलं.

तिठा, मराठीत करायचंच झालं तर जेम्सची कथा उचलून कोकणात नेऊ नये असं मला वाटतं. टेंप्लर, सॅक्सन मुकुट, चर्चचे पडके मठ, हे सगळं त्या मातीतलं आहे, उपटलं तर मरतं. आपल्याकडच्या कथा घ्याव्यात, आणि मिलरकडून पुटपुटणारा माणूस, क्लार्ककडून लांबचं अंतर, बूमवाला म्हणतात ती रिकामी जागा एवढं शिकावं.

ज्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून कोणत्या क्रमाने पाहायचं ते विचारलं त्यांना इथेच सांगतो. आधी जेम्सची कथा वाचा, शक्यतो एका बैठकीत. मग १९६८, मग 'सिग्नलमन', मग 'वॉर्निंग'. २०१० चं वेगळ्या दिवशी पाहा आणि त्याआधी अनुराधाताईंचा वरचा प्रतिसाद वाचा, माझा नको.

लाईनक्लिअर

इंग्रजी उच्चार नीट कळत नसतील तर 'सिग्नलमन'ला खाली अक्षरं लावून बघा. एलियट फार हळू बोलतात, आणि बोगद्यातल्या गाडीबद्दल ते जे सांगतात त्यातला एकही शब्द सुटू नये.